चाकांवरची खूण

शुक्रवारी सकाळी सात वाजता अर्लेंड क्लाउस्टन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून धुक्याला शिव्या देत होता. शिव्या मनातल्या मनात होत्या, कारण भिंतीपलीकडे त्याची बहीण जेसी आणि तिचा नवरा गिबी राहत आणि ती भिंत फार पातळ होती. धुके एवढे दाट होते की अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेला स्वतःचा मोजा त्याला दिसत नव्हता. टेकडी तर लांबच. टेकडी दिसत नव्हती म्हणून टेकडीवरची नेटीची घरगाडी दिसत नव्हती, आणि गाडी दिसल्याशिवाय अर्लेंडचे समुद्रात सोडलेले चाळीस पिंजरे सापडणार नव्हते. ती गाडी आज दुपारी दोनच्या बोटीने एल्सनी बेट सोडून चालली होती.

आता गाडीचा आणि पिंजऱ्यांचा संबंध काय, असे कुणीही विचारील. एल्सनीवर मात्र हा प्रश्न विचारायची गरज पडली नसती, आणि अर्लेंडची अडचण नेमकी तीच होती.

एल्सनीवर शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारे लोक आपली जागा बायकोलासुद्धा सांगत नाहीत. पिंजऱ्याला तरंगता बोया बांधला तर साऱ्या जगाला पत्ता दिल्यासारखे होते. म्हणून जागा खरोखर चांगली असेल तर बोया बांधतच नाहीत. पिंजऱ्यांची माळ दोरासकट तळाशी सोडून द्यायची आणि परत आल्यावर लोखंडी आकड्याने तळ खरवडून दोर पकडायचा. जागा लक्षात राहते ती जमिनीवरच्या खुणांनी. चर्चच्या टोकावर एखाद्या घराची चिमणी आली की ती एक रेघ. दीपस्तंभ सीलच्या खडकाला टेकला की दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पिंजरे. अर्लेंडच्या होडीत जागा दाखवणारे यंत्र होते, पण यंत्रात नोंदवलेले कुणीही उघडून बघेल, या भीतीने त्याने त्याच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली होती.

खूण कशाची धरायची याचा मात्र नियम होता, आणि तो अर्लेंडच्या आजोबांनी घालून दिलेला होता. दगडाची धरावी, घराची धरावी, थडग्याची धरली तर उत्तमच. ज्याला पाय आहेत, चाक आहे किंवा मन आहे, त्याची कधीही धरू नये. हा नियम अर्लेंडने बेटावरच्या प्रत्येक नव्या होडीवाल्याला बजावून सांगितला होता आणि दर वेळी उदाहरण म्हणून गिबीच्या आजोबांची गोष्ट जोडली होती. गिबीच्या आजोबांनी एकदा कुरणात बसलेल्या तांबड्या गाईची खूण धरली. गाय उठून पाणी प्यायला गेली, आजोबा तिच्या मागोमाग समुद्रातून सरकत गेले आणि होडी खडकावर चढली. त्याला ऐंशी वर्षे झाली, तरी त्या घराण्याला अजून 'गाईवाले' म्हणत. जेसीच्या लग्नात अर्लेंडने भर मंडळीत उभे राहून ती गोष्ट सांगितली होती, आणि त्यानंतरची बत्तीस वर्षे गिबी भेटला की तो विचारत असे, "काय गड्या, गाय कुठं बसलीय आज?"

अशा माणसाने जुलैमध्ये घरगाडीची खूण धरली होती.

झाले ते असे. नेटी ड्रमंड एप्रिलमध्ये आली. पक्षी बघायला येणाऱ्या लोकांचे एक वसतिगृह बेटावर आहे, तिथे ती सहा महिन्यांसाठी स्वयंपाकाला होती. साठी ओलांडलेली, नवरा नाही, घर विकून टाकलेले, त्यामुळे झोपणे-बसणे सगळे त्या पांढऱ्या गाडीत. तिने गाडी टेकडीच्या माथ्यावर लावली आणि चाकांना दगड लावले. जुलैमध्ये अर्लेंडला आयुष्यात मिळाली नव्हती अशी जागा मिळाली, दर पिंजऱ्याला शेवंड. त्याने मान वर करून रेघ शोधली. चर्चचे टोक होते, पण त्याच्या वर टेकडी उघडी बोडकी. ना चिमणी ना थडगे. होती फक्त नेटीची गाडी. आजच्या दिवसापुरती, असे म्हणून त्याने ती धरली. त्या आजच्या दिवसाला आता अडीच महिने झाले होते.

नेटी सप्टेंबरअखेर जाणार हे त्याला माहीत नव्हते असे नाही. गेले दोन आठवडे तो रोज ठरवत होता की उद्या पिंजरे काढायचे, आणि रोज वाटे की अजून एक रात्र राहू देत. सोमवारी तिला डोंगरातल्या एका हॉटेलात कामाला हजर व्हायचे होते. ऑक्टोबरचे वारे सुरू झाले की बोटीवर गाडी चढवणे बंद, म्हणजे ही शेवटचीच बोट. आज सकाळी पाणी थांबले की सगळे उचलू म्हणून तो उठला, तर बाहेर हे धुके.

"काय रे, आज जात नाहीस?" भिंतीपलीकडून जेसीने विचारले.

"घाई काय आहे," अर्लेंड म्हणाला आणि बूट घालू लागला.

साडेबारा वाजता तो समुद्रात होता. दीडच्या सुमारास भरतीचे पाणी अर्धा तास थांबते. तेवढ्याच वेळात आकडा तळाला नीट बसतो, एरवी प्रवाह त्याला ओढून नेतो. धुके अजून होते, पण आता ते वरून उकलू लागले होते. आधी चर्चचे नुसते टोक दिसले, खाली चर्च नाही. मग दीपस्तंभाचा वरचा अर्धा भाग. कुठेही काठ नव्हता, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचे होते, आणि इंजिन बंद करून बसलेल्या अर्लेंडला क्षणभर आपण नक्की कशावर तरंगतो आहोत हे कळेना. मग टेकडी नसलेल्या ठिकाणी, हवेतच, पांढरी गाडी उगवली. तिच्या खिडकीतला पिवळा पडदासुद्धा ओळखू आला. अर्लेंडला फार बरे वाटले. हे बरे वाटणे पिंजऱ्यांसाठीच आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

गेले अडीच महिने तो दिवसातून शंभर वेळा त्या गाडीकडे बघत होता. कामासाठी बघायचे असते, त्याला इलाज नाही. पण काम नसतानाही, अंगणात उभा असतानाही मान आपोआप तिकडे वळायची. पडदा उघडला की ती उठली, दारात लाल टोपी दिसली की कामाला निघाली, हे त्याला पाठ झाले होते. सांगायचे कुणाला? सगळे खुणेच्याच खात्यात जमा होते.

त्याने गाडी चर्चच्या टोकावर आणली, दीपस्तंभ खडकाला टेकवला आणि आकडा टाकला. वर आले ते हातभर शेवाळ. मान वर करून बघतो तर गाडी टोकावरून थोडी उजवीकडे सरकलेली. प्रवाहाने आपल्याला ओढले असे समजून त्याने होडी उत्तरेकडे घेतली, पुन्हा रेघ जुळवली, पुन्हा आकडा टाकला. पुन्हा शेवाळ. गाडी पुन्हा उजवीकडे. चाळीस वर्षे तो या पाण्यात वावरला होता, पण थांबायची वेळ जवळ आली असताना असे दक्षिणेकडे वाहणारे पाणी त्याने पाहिले नव्हते. आज समुद्राचेच डोके फिरलेय असे त्याला वाटले. आपले फिरले असेल अशी शंका त्याला आली नाही, आणि ती सहसा कुणालाच येत नाही.

खरे तर समुद्र आपल्या जागी शांत होता. नेटी धक्क्याकडे निघाली होती. माथ्यावरचा रस्ता चर्चच्या मागून दक्षिणेला धक्क्यापर्यंत जातो. रस्त्यावर मेंढ्या, वर धुके, त्यामुळे ती चालणाऱ्या माणसाच्या वेगाने येत होती, आणि सहा महिन्यांची ओळख असल्यामुळे दर घरापाशी थांबत होती. एका घरी तिने मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या परत केल्या. तेवढा वेळ गाडी स्थिर राहिली, म्हणून अर्लेंडने खूश होऊन आकडा टाकला. दुसऱ्या घरी तिला जवाची भाकरी बांधून दिली, तिथे त्याने दोनदा टाकला. तिसऱ्या घरी म्हातारी रडायला लागली, त्यामुळे गाडी चांगली दहा मिनिटे हलली नाही, आणि अर्लेंडला वाटले की अखेर समुद्र ताळ्यावर आला.

तेवढ्यात धुक्याच्या उरल्यासुरल्या पट्ट्यातून एक निळी होडी आली आणि त्याच्या होडीला हळूच धडकली. तीत गिबी होता.

"काय गड्या, इकडं कुठं?" गिबीने विचारले.

"हवा खायला. तू?"

"मीपण हवाच खातोय."

दोघांच्या हातात लोखंडी आकडे होते. दोघांच्याही आकड्यांना शेवाळ लोंबत होते. शेजारच्या खडकावर सहा-सात सील माना वर करून हा प्रकार बघत होते, आणि खडक इतका जवळ होता की त्यांच्या मिशा दिसत होत्या. तेव्हा कुठे अर्लेंडच्या लक्षात आले की आपण आपल्या जागेपासून मैलभर उत्तरेला आलो आहोत.

"पाणी जरा विचित्रच आहे आज," तो म्हणाला.

"विचित्रच."

दोघांनीही काठाकडे बघायचे टाळले. मग न राहवून दोघांनीही एकदमच पाहिले. वर रस्त्यावर म्हातारीचे रडणे आटोपले असावे. गाडी पुन्हा सरकू लागली, आणि दोघांचेही हात एकाच क्षणी आपापल्या सुकाणूकडे गेले.

गिबी सुकाणू सोडून होडीच्या फळीवर बसला आणि हसू लागला. आधी हळू, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बत्तीस वर्षांचे साठलेले होते, लवकर संपले नाही.

"आमची गाय निदान संध्याकाळी गोठ्यात परत यायची, गड्या," तो म्हणाला. "ही बाई गेली की डायरेक्ट एप्रिल."

"तूसुद्धा तीच धरलीस की."

"मी गाईवाला आहे. माझं घराणंच तसलं. तुझं काय?"

गिबीचे तीस पिंजरे होते, त्याच रेघेवर पण काठाच्या जरा जवळ. म्हणजे दोघांचा मिळून सगळा हिवाळा तळाशी पडला होता, आणि गाडी धक्क्याकडे उतरत होती. धक्क्याला बोट लागलेली दिसत होती. दोघांनी इंजिने सुरू केली.

जाता जाता ठरले की बेटावर कुणाला काही कळू द्यायचे नाही. फक्त अर्ध्या तासासाठी गाडी परत टेकडीवर जायला हवी. कारण काहीतरी सांगू. काय सांगायचे ते अर्लेंडने ठरवावे, असे गिबीचे म्हणणे पडले.

धक्क्यावर अर्धे बेट जमले होते. एल्सनीच्या धक्क्यावर बोटीत गाडी चालवत नेता येत नाही, बोटीवरची क्रेन पट्टे लावून ती उचलते. त्यामुळे गाडी जाणार असली की लोक निरोपालाही येतात आणि बघायलाही येतात. दोघे धावत पोचले तेव्हा डेव्हीचे पट्टे आवळून झाले होते. हा डेव्ही धक्का सांभाळतो, टपाल वाटतो आणि विमान उतरताना आगीच्या बंबावर बसतो, त्यामुळे एकच गोष्ट त्याला सांगितली की तीन खात्यांना कळते. त्याने हात वर केला आणि नेटीची गाडी जमिनीवरून उठली.

ती हवेत सावकाश फिरत राहिली. विरळ होत चाललेल्या धुक्यात तिचे पट्टे दिसत नव्हते, नुसती गाडी दिसत होती, पिवळा पडदा हलत असलेली. अर्लेंडही क्षणभर पिंजरे विसरला. सहा महिने घट्ट बसलेली गोष्ट इतकी अलगद उचलली जाते हे त्याला बघवेना.

"थांबा," तो म्हणाला. "त्या गाडीचं मागचं चाक सैल आहे."

बोटीच्या कप्तानाने चाक पाहिले. चाक घट्ट होते. मग अर्लेंड म्हणाला की गाडीखाली बहुतेक मेंढी अडकली आहे. सगळ्यांनी वाकून नव्हे, माना वर करून गाडीच्या पोटाकडे पाहिले. मेंढी नव्हती. मग त्याने हवामानाचा विषय काढला. ताकाला जाऊन भांडे लपवावे तसे चालले होते, आणि गिबी मागे उभा राहून आभाळाकडे बघत होता.

गर्दीतून नेटी पुढे आली. लाल टोपी, एका हातात भाकरीचे गाठोडे. "अर्लेंड, तुला नक्की काय हवंय?" तिने विचारले. "पाणी दोनला उतरायला लागेल. बोट थांबणार नाही. मला सोमवारी कामावर जायचंय."

अर्लेंडने गिबीकडे पाहिले.

"मी बोलणार नाही," गिबी म्हणाला. "आमच्या घराण्यात एक गाय पुरे."

पिंजरे सोडून द्यावेत आणि घरी जाऊन दार लावून बसावे, असा विचार अर्लेंडच्या मनात खरोखर येऊन गेला. आजोबांचे नाव राहिले असते. पण मग उपाशी हिवाळा काढायचा, आणि खालच्या चाळीस पिंजऱ्यांत अडकलेली शेवंड एकमेकींना खाऊन संपणार. ते त्याला आवडले नाही. त्याने टोपी काढली.

"मी तुझ्या गाडीची खूण धरलीय," तो म्हणाला. "जुलैपासून. माझे पिंजरे तिच्याच रेघेवर आहेत. बोया बांधलेला नाही. ती तिथं नसली तर मला सापडणार नाहीत."

हसतील त्यांचे दात दिसतील, असे म्हणतात. त्या दिवशी धक्क्यावर बेचाळीस माणसांचे दिसले, कप्तानाचा सोन्याचा धरून. डेव्हीला तर खाली बसावे लागले. कुणीतरी मागून "गाय उडाली रे" असे म्हटले. जेसी पण हसली, आणि मग भावाचे तोंड बघून तिने पदरी असलेल्या सगळ्या बहिणीपणाने हसू आवरायचा प्रयत्न केला, तो साधला नाही.

नेटी हसली नाही. "किती वेळ हवाय?" तिने विचारले.

"पाणी थांबतं तेवढाच. अर्धा तास. पण गाडी आता…"

"गाडी खाली यायची नाही," कप्तान म्हणाला. "एकदा उचलली ती उचलली."

"पांढरं काहीतरी हवंय ना?" नेटी म्हणाली. "गाडीएवढं. चादरी चालतील?"

चालल्या असत्या. तिच्या चादरी कुठे आहेत, असे अर्लेंडने विचारले, आणि सगळ्यांनी पुन्हा वर पाहिले. नेटीने मान हलवली. "त्या नव्हे. वसतिगृहाच्या आहेत, काल धुऊन ठेवल्यात. किल्ली माझ्याकडेच आहे, जाताना डेव्हीकडे द्यायची राहिली." कप्तानाला ती म्हणाली की मी पळत येते. कप्तान म्हणाला की घड्याळ माझ्या हातात नाही, चंद्राच्या हातात आहे. नेटी तोवर डेव्हीच्या ट्रॅक्टरवर चढली होती.

अर्लेंड जागेवर पोचला तेव्हा पाणी थांबले होते. धुके काठावरून निघून गेले होते आणि टेकडीचे पिवळे गवत स्वच्छ दिसत होते. गाडी जिथे उभी असे तिथे गवत पांढुरके पडून चौकोन उमटला होता, त्यावर माणसे मुंग्यांएवढी हलत होती. मग एकदम तिथे पांढरा पडदा उभा राहिला. चार कोपरे चार माणसांनी हात उंच करून धरलेले, मधे चार चादरी चिमट्यांनी जोडलेल्या. वारा लागला की तो फुगायचा आणि पुन्हा सपाट व्हायचा. एका कोपऱ्यावर लाल ठिपका होता.

पहिल्याच फेकीला आकडा दोराला लागला. दहा पिंजऱ्यांची माळ वर आली, निळीकाळी शेवंड शेपट्या आपटत होती. पलीकडे गिबीचाही दोर लागल्याची आरोळी ऐकू आली. दुसरी माळ वर आली, मग तिसरी. दर माळेच्या आधी अर्लेंड मान वर करायचा, आणि पडदा होता तिथे असायचा. लाल ठिपका होता तिथे असायचा.

चौथ्या माळेला आकडा लागेना. धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. एकदा, मग पुन्हा एकदा. अर्लेंडने टेकडीकडे पाहिले. ट्रॅक्टरने एव्हाना निघायला हवे होते. कोपरा सोडला असता तर चादर वाऱ्याने चुरगळली असती, हे त्याला दिसत होते, आणि तिलाही दिसत असणार. तिसरा भोंगा वाजला. लाल ठिपका हलला नाही. तो ओरडला, "सोड, जा," पण मैलभर पाण्यावरून ते कोण ऐकणार? मग त्याच्याकडून होण्यासारखे एकच होते. त्याने रेघ जुळवली आणि आकडा टाकला. दोर लागला.

शेवटचा पिंजरा होडीत आला तेव्हा बोट धक्का सोडून काठाच्या जवळून उत्तरेकडे निघाली होती. तिच्या मधल्या डेकवर घरगाडी बांधलेली होती. बोट सरकत सरकत चर्चच्या समोर आली, आणि एका क्षणापुरते सगळे एकावर एक आले. खाली गाडी, तिच्या माथ्यावर चर्चचे टोक, टोकाच्या वर चादर, चादरीच्या कोपऱ्याला लाल टोपी. त्याच्या आयुष्यात इतकी सरळ रेघ जुळली नव्हती. मग गाडी पुढे निघून गेली आणि बाकीचे जिथल्या तिथे राहिले.

अर्लेंडला फार वाईट वाटले. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, बोया न बांधता सोडलेले असावे तसे, त्याला फार बरेही वाटले.

चार वाजता सगळे जेसीच्या स्वयंपाकघरात होते. नेटी भाकरीला लोणी लावत होती. गाडी मोठ्या बेटावर, कर्कवॉलच्या धक्क्यावर उतरवून ठेवतील, उद्या सकाळच्या आठ खुर्च्यांच्या विमानात तिला जागा मिळाली होती, म्हणजे सोमवार चुकणार नव्हता. अर्लेंड तिच्यासमोर बसला होता आणि त्याला टोपी कुठे ठेवावी ते कळत नव्हते.

"तुझं घर गेलं," तो म्हणाला.

"दिसलं की. हात केला त्याला."

"एक कोपरा सोडला असतास तरी तीन माळा मिळाल्याच होत्या."

"चौथी कुणाच्या बापाची होती मग?"

अर्लेंडने टोपी गुडघ्यावर ठेवली. "चाकं असलेल्या गोष्टीची खूण धरणारा माणूस मूर्ख असतो," तो म्हणाला. "आजोबांनी सांगून ठेवलं होतं."

"मग मी कोण?" नेटी म्हणाली. "मी तर होडीची धरली होती."

जेसीचा हात किटलीवर थांबला. नेटी लोणी लावतच राहिली. ती म्हणाली की वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातले घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडले होते. एप्रिलपासून रोज सकाळी सातला अर्लेंडची होडी सीलच्या खडकाशी यायची. होडी खडकाला टेकली की ती ओटची पेज चुलीवर चढवायची, साडेसातला पक्षीवाले न्याहारीला बसायचे. तीन महिने एक दिवस चुकला नाही. जुलैमध्ये होडी खडकाशी यायची बंद झाली.

"मी खिडकीत उभी राहायचे," ती म्हणाली. "वाटायचं, आता येईल, आता येईल. कधी पेज कच्ची राहायची, कधी करपायची. एकानं तर अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलंय, पक्षी उत्तम, पेज असह्य. तू कुठं गेलास तेच कळेना."

"तुझ्या गाडीखाली," गिबी म्हणाला.

अर्लेंडचे कान लाल झाले. घड्याळ दुरुस्त का नाही केलेस, असे त्याला विचारायचे होते. जेसीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, म्हणून त्याने विचारले नाही.

हिवाळा नेहमीसारखा गेला. रोज वारा, तीन आठवडे बोट नाही, आणि ओसाड टेकडीवर तो पांढुरका चौकोन. बेटावर अर्लेंडचे नाव 'गाडीवाला' पडले. गिबीने ते पाडले होते आणि तो रोज सकाळी भिंतीवर टकटक करून विचारत असे, "काय गड्या, गाडी कुठं बसलीय आज?" अर्लेंड बूट घालून निघून जाई. पण मार्चमध्ये कुणीतरी त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चुना लावलेले चार दगड पुरले. कुणी, ते कुणी विचारले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी गाडी क्रेनवरून धक्क्यावर उतरली. ती टेकडीवर पोचेपर्यंत अर्लेंड आणि गिबी तिथे उभे होते. विमानतळावर विमान उतरवताना हलवतात तसे दोघे हात हलवत होते.

"मागं घे. अजून. अजून वीतभर."

"वीतभर नको, चार बोटं. माझी रेघ चुकतेय."

"तुझी रेघ गेली खड्ड्यात, गड्या. दगड बघ ना."

नेटीने अर्धा तास गाडी पुढेमागे केली. मग इंजिन बंद करून ती खाली उतरली, चाकांना दगड लावले आणि कमरेवर हात ठेवून अर्लेंडकडे पाहिले. "माझी गाडी जागेवर लागली," ती म्हणाली. "आता माझी होडी?"

दुसऱ्या दिवसापासून अर्लेंड सकाळी सातला सीलच्या खडकाशी जाऊन थांबू लागला. इंजिन बंद, आकडा फळीखाली. सील त्याच्याकडे बघत, तो टेकडीकडे बघे. थोड्या वेळाने वसतिगृहाच्या धुराड्यातून धूर निघाला की तो कामाला जाई.

आठवडाभर गिबीने हे लांबून पाहिले. मग एका सकाळी तो निळी होडी घेऊन शेजारी आला.

"त्या खडकाशी काही मिळतं का रे?" त्याने हळूच विचारले. "आमच्या बापजन्मात तिथं शेवंड दिसली नाही."

अर्लेंडने धुराकडे पाहिले आणि मग पाण्याकडे. एल्सनीवर चांगली जागा कुणी कुणाला सांगत नाही.